केकची पंगत

लाडू हा आधीच वाटलेला असतो. तो वळला गेला की त्याचा हिशेब संपतो. पानात एक, नाहीतर दोन. जिलबीचं तसंच, करंजीचंही तसंच. आपल्याकडच्या बहुतेक गोड पदार्थांच्या वाटपाचा प्रश्न स्वयंपाकघरातच सुटलेला असतो. केक मात्र अख्खा येतो. दहा-वीस माणसांच्या देखत त्याच्यावर सुरी चालते आणि कुणाला आधी, कुणाला किती, गुलाबाचं फूल कुणाला आणि कडेचा कोरडा तुकडा कुणाला, हे सगळं उघड्यावर ठरतं. वाढप्याचा हात कुठे आखडला आणि तुपाची धार कुणाच्या भातावर लांबली, हे नेमकं टिपणाऱ्या आपल्या समाजात हा पदार्थ इतका रुजला कसा, याचं मला नेहमी नवल वाटत आलं आहे.

पंक्तिप्रपंच हा शब्द आता नव्या पिढीला समजावून सांगावा लागतो. एकाच पंगतीला बसलेल्यांना वेगवेगळं वाढणं म्हणजे पंक्तिप्रपंच. माझ्या आजीच्या लेखी ते पाप होतं. घरचा आणि बाहेरचा, लाडका आणि दोडका, पानात एकच पडलं पाहिजे. (पंगतीत कुणाला मुळात बसूच द्यायचं नाही, हे मात्र तिच्या पिढीला पाप वाटत नसे, हेही सांगितलं पाहिजे.) शब्द मागे पडला तरी प्रकार गेलेला नाही. तो पाटावरून उठला आणि केकच्या खोक्याभोवती येऊन उभा राहिला.

तसा केक मराठी मध्यमवर्गीय घरात फार जुना नाही. त्याच्या आधी नानकटाई आली. दिवाळीच्या आधी रवा, मैदा, तूप, पिठीसाखर डब्यांत भरून बेकरीवर न्यायची, नंबर लावायचा, आणि आपलं तूप आपल्याच नानकटाईत पडतंय ना, हे पाहायला घरातलं एक विश्वासू माणूस भट्टीपाशी उभं करायचं. संध्याकाळी पत्र्याचा गरम डबा घरी यायचा. मुंबईत इराण्यांनी मावा केकची गोडी लावली. १९१४ साली ग्रँट रोड स्टेशनसमोर सुरू झालेल्या बी. मेरवानकडचे मावा केक सकाळीच संपत आणि उशिरा येणारा नुसत्या ब्रुन-मस्क्यावर भागवी. पुण्यात ईस्ट स्ट्रीटवरच्या कयानी बेकरीनं १९५५ पासून लोकांना श्रूझबरी बिस्किटांसाठी आणि मावा केकसाठी रांगेत उभं राहायला शिकवलं, तेही पुणेकरांना साजेशी दुपारची सुट्टी पाळून. या केकांवर ना क्रीम होतं, ना कुणाचं नाव. ते चहाबरोबर खायचे किंवा बांधून घरी न्यायचे, एवढंच.

मग सत्तर-ऐंशीच्या दशकांत तो गोल अ‍ॅल्युमिनियमचा, झाकणाला काच असलेला विजेचा ओव्हन घरोघर आला. ज्यांच्याकडे तो नव्हता त्यांनी कुकरमध्ये वाळू पसरून, शिट्टी आणि रबर काढून काम भागवलं. एका बिल्डिंगमध्ये एक ओव्हन असला तरी पुरे. तो वाढदिवसांच्या तारखांप्रमाणे मजल्यामजल्यांवर फिरत असे. पाककृती वहीत उतरवून घेतली जाई. तिचं मूळ इंग्रजांच्या पौंड केकमध्ये: एक पौंड मैदा, एक पौंड लोणी, एक पौंड साखर, एक पौंड अंडी. पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम. म्हणजे मूळ प्रमाणात हा सगळा ऐवज एक किलो आठशे ग्रॅमचा होतो. चार जणांच्या घरासाठी कुणी हा पदार्थ काढलेलाच नाही. तो जन्मापासून घोळक्याचा आहे.

आता त्या चौथ्या पौंडाबद्दल बोलायला हवं, म्हणजे अंड्यांबद्दल. आपल्याकडे केक वाटण्यातली खरी अडचण तिथे आहे.

सोसायटीतल्या कुठल्याही वाढदिवसाला हे दृश्य दिसतं. पंचवीस मुलं आलेली आहेत. त्यांतली सहा-सात अंडं न खाणाऱ्या घरांतली. यजमान बाई विचारी आहेत, त्यांनी दोन केक आणले आहेत. एक मोठा, त्यावर किल्ला, मोटार किंवा टीव्हीतला कुणी तरी वीर. दुसरा लहान, साधा, भिंतीकडच्या स्टुलावर. टाळ्या वाजतात, मोठा केक कापला जातो आणि मग बाई बशी हातात घेऊन प्रत्येक मुलाला प्रेमानंच विचारतात, “तू कुठला रे? अंडं खातोस ना?” सात वर्षांचं पोर गोंधळून आईकडे बघतं. काही मुलं हुशार असतात. ती “खातो” म्हणतात, कारण मोटार तिकडे आहे. आपल्याकडे हा प्रश्न नुसत्या जिभेच्या आवडीचा नसतो, त्यामागे आडनाव उभं असतं. क्रिकेट खेळताना ज्यांच्या लक्षातही येत नव्हतं त्या मुलांच्या दोन रांगा आपण केकच्या निमित्तानं करतो. दोन केक म्हणजे दोन पंगती.

माझं मत स्पष्ट आहे. सगळ्यांसाठी केक आणायचा असेल तर एकच आणावा, आणि सगळ्यांना खाता येईल असा आणावा. बहुतेक वेळा याचा अर्थ बिनअंड्याचा. यावर एक आक्षेप हमखास येतो: सहा जणांसाठी एकोणीस जणांनी का वाकायचं? आक्षेप अगदीच पोकळ नाही. मांसाहार करणाऱ्यांनी सदैव शाकाहाऱ्यांच्या कलानं घ्यायचं आणि उलट कधीच नाही, याचा वैताग मी अनेक घरांतून ऐकला आहे आणि तो मला समजतो. घर भाड्यानं देताना ताटात काय असतं याची चौकशी करणाऱ्या शहरांत तो वैताग यायचाच. तेव्हा सोसायटीच्या फलकावर ‘अंड्याचा केक आणू नये’ अशी सूचना लागली तर मी तिच्या विरोधात उभी राहीन. पण यजमानानं आपणहून, पाहुण्यांची नावं डोळ्यांपुढे आणून एकच केक निवडणं ही वेगळी गोष्ट आहे. बिनअंड्याचा केक खाल्ल्यानं कुणाचं व्रत मोडत नाही, एवढा साधा हिशेब त्यामागे आहे.

“पण तो चांगला लागत नाही” ही तक्रार एके काळी खरी होती. केकमध्ये अंडं एकाच वेळी तीन कामं करतं. फेटल्यावर हवा धरून ठेवतं, उष्णतेनं घट्ट होऊन केकचा सांगाडा उभा करतं, आणि ओलावा व स्निग्धता देतं. ते काढलं की या तीन जागांवर तीन बदली माणसं नेमावी लागतात. हवेचं काम खाण्याचा सोडा आणि दही, व्हिनेगर किंवा लिंबाचा रस करतात. आंबट आणि सोडा एकत्र आले की वायू तयार होतो आणि पीठ फुलतं. म्हणूनच असं पीठ कालवल्यावर फार वेळ ठेवायचं नाही, लगेच ओव्हनमध्ये घालायचं. ओलाव्याचं आणि अंगाचं काम आटवलेल्या गोड दुधानं केलं. एक डबा कंडेन्स्ड मिल्क, मैदा, लोणी आणि सोडा या हिशेबानं महाराष्ट्रात किती वाढदिवस पार पडले असतील, याची गणती नाही. रव्याचा केक तर आपल्या हाताला जास्त जवळचा. दह्यात भिजून रवा फुगतो, आणि शिऱ्यावर वाढलेल्या जिभेला तो परका वाटत नाही. २०२०च्या टाळेबंदीत तर घरोघरी ग्लुकोज बिस्किटं दुधात कुस्करून, वर फळमिठाची पुडी टाकून कुकरमध्ये केक झाले. ते सगळेच चांगले झाले असं म्हणणार नाही, पण संपले सगळे.

एक गोष्ट मात्र कटाक्षानं पाळावी. खोटं बोलू नये. “थोडंसंच आहे, कळत नाही हो,” असं म्हणून कुणाच्या बशीत अंड्याचा केक सरकवणं ही थट्टा नव्हे. पाकिटबंद पदार्थांवर हिरव्या ठिपक्याची खूण असते, पण बेकरीच्या काचेमागच्या केकवर ती नसू शकते, तिथे विचारावं लागतं. लहान बेकरीत दोन्ही केक एकाच यंत्रात घुसळले जातात. कडक पाळणाऱ्याला हे सांगितलं पाहिजे आणि मग त्याचं त्याला ठरवू दिलं पाहिजे. ज्या मुलांना अंड्याची, दुधाची किंवा गव्हाची अ‍ॅलर्जी असते, त्यांच्या बाबतीत तर हा शिष्टाचाराचाही प्रश्न उरत नाही. त्यांच्या आईला आदल्या दिवशी फोन करावा.

आता दुसऱ्या बाजूबद्दल, म्हणजे केक घेणाऱ्याबद्दल. देणाऱ्यानं सगळा विचार करायचा आणि घेणाऱ्यानं काहीच नाही, असा हा व्यवहार नाही. गोव्यात नाताळला शेजाऱ्यांकडे गोडाचं ताट पाठवायची पद्धत आहे, तिला ‘कोन्सुआदा’ म्हणतात. मंगळूरकडे या फराळाला ‘कुस्वार’ म्हणतात. त्या ताटात केक असतो, बेबिंका असते, रवा-नारळाचा बाथ असतो, तसंच दोदोल, दोस आणि नेवऱ्याही असतात. बेबिंकेत अंड्यांचे पिवळे बलक भरपूर. एकेक थर घालून, वरून निखाऱ्याची धग देऊन ती भाजायची, म्हणजे अर्धा दिवस गेलाच. पण दोदोल तांदळाचं पीठ, नारळाचा रस आणि गुळाचं, दोस चण्याच्या डाळीचं, आणि नेवरी म्हणजे तर आपली करंजीच. अंड्याचा वारा नसलेल्या घरालाही त्या ताटात खाण्यासारखं काहीतरी सापडतंच. चवथीला हिंदू घरातून नेवऱ्या ख्रिस्ती घरी जातात आणि नाताळला त्या उलट वाटेनं परत येतात. एकच करंजी वर्षातून दोनदा एकच अंगण ओलांडते.

माहीमला आमच्या समोरच्या बिऱ्हाडातल्या आंटी असंच ताट आणत. त्यावर क्रोशाचा रुमाल. केक वेगळ्या बशीत, बाकीचं ताटात. आजी अंडं खात नाही हे त्यांना ठाऊक होतं. आजी नेवरी खायची, आम्ही पोरं केकवर तुटून पडायचो, आणि रिकामं ताट परत करायचं नाही म्हणून आई त्यात साखर किंवा घरात असेल ते घालायची. माझे आजोबा गेले त्या वर्षी आमच्याकडे दिवाळीचा फराळ झाला नाही. अशा घरी शेजारपाजारचे फराळ आणून देतात, तसे डबे आले. नाताळात आंटींचं ताटही आलं, नेहमीपेक्षा भरलेलं. पुढे तीन वर्षांनी आंटींचे यजमान गेले. त्या डिसेंबरात त्यांच्या खिडकीत तारा लागला नाही आणि घरात काही तळलं-भाजलं गेलं नाही. आईनं चोवीस तारखेला गोल ओव्हनमध्ये रव्याचा केक केला, वर काही न लावता, आणि डब्यात घालून समोर नेऊन दिला. आमच्या घरात वाढदिवसाशिवाय झालेला तो पहिला केक असावा. आंटींनी तो आईसमोरच कापला आणि पहिला तुकडा तिच्या हातावर ठेवला.

मी हे सांगते आहे ते जुन्या दिवसांचे कढ काढण्यासाठी नाही. वाईटही तेव्हाच पाहिलं. त्याच बिल्डिंगमध्ये आंटींकडून हसून ताट घेणारी, आणि दार लागताच ते जसंच्या तसं कामवाल्या बाईच्या हातात देणारी घरंही होती. ‘तिला काय, चालतं’ हे वर. आमच्याकडे चालत नाही, असं देणाऱ्याला तोंडावर सांगण्यात अपमान नाही. सांगितलं असतं तर पुढच्या वर्षी आंटींनी नुसत्या नेवऱ्या पाठवल्या असत्या. घेऊन पुढे ढकलण्यात दोघींचा अपमान आहे, जिनं भाजलं तिचा आणि जिला उष्ट्यासारखं दिलं तिचा. आता तर दारातल्या ताटाची जागा अ‍ॅपवरून मागवलेल्या खोक्यानं घेतली आहे. खोकं सोयीचं आहे, दूरच्या माणसाला पाठवता येतं, त्याला माझी ना नाही. एवढंच की खोकं परत करायचं नसतं, त्यामुळे त्यात काही घालून समोरच्या दारावर जायची वेळही येत नाही.

ऑफिसातली पंगत आणखी बोलकी असते. महिन्यातले सगळे वाढदिवस एका दिवशी, वर्गणीचा केक, साडेचारला कॉन्फरन्स रूममध्ये सगळे. कापतो कोण, तर ज्याचा वाढदिवस तो. बाकीचे तुकडे पाडून कागदी बशांत भरायचं काम शिपायाचं. त्यानं स्वतः केव्हा खायचं? सगळ्यांचं झाल्यावर, उरला तर. आणि वाढदिवसांच्या यादीत जी नावं असतात ती पगारपत्रकावरची. सफाईचं काम करणाऱ्या मावशी आणि दारावरचा रखवालदार कंत्राटदाराकडचे, त्यांच्या वाढदिवसाची तारीख ऑफिसला ठाऊकच नसते. एका लहानशा ऑफिसात मी वेगळी रीत पाहिली. तिथे वीस माणसं असतील तर केकचे चोवीस तुकडे पाडतात, कापायच्या आधी मोजून, आणि शिपाई बशी घेऊन सगळ्यांबरोबर उभा असतो. यासाठी कुठलं परिपत्रक लागलं नव्हतं. चौकोनी केक आणला की झालं.

चौकोनी केकची शिफारस मी मनापासून करते. गोल केक दिसायला देखणा, पण पंचवीस जणांना समान कापायचा म्हटला तर भूमितीचा पेपर. चौकोनी पाटाला पाच आडवे भाग, पाच उभे, पंचवीस तुकडे तयार. दोन किलोचा असेल तर माणशी ऐंशी ग्रॅम, आणि तेवढा पुरतो. घरात दोनच भावंडं असतील तर आयांची जुनी युक्ती आहेच: एकानं कापायचं, दुसऱ्यानं आधी उचलायचं. इतकी काटेकोर वाटणी तराजूनंही होत नाही. आणि गोल केक थोडाच खायचा असेल तर त्याचंही शास्त्र आहे. फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं १९०६ साली ‘नेचर’ या प्रतिष्ठित नियतकालिकात चक्क पत्र लिहून सुचवलं होतं की त्रिकोणी फोड काढू नये, मधली पट्टी कापून घ्यावी आणि उरलेले दोन भाग रबर लावून जवळ आणावेत, म्हणजे कापलेली बाजू वाळत नाही. मी करून पाहिलं आहे. केक वाळत नाही, पण पाहुणे चमत्कारिक नजरेनं बघतात.

मेणबत्त्यांचा वाद आपल्याकडे जुनाच. दिवा विझवून वाढदिवस कसला, आपल्यात औक्षण करतात, असं म्हणणारे आणि दोन्ही करून मोकळे होणारे. मी दुसऱ्या गटातली. पण फुंकर मारण्याबद्दल एक वेगळी माहिती आहे. २०१७ साली अमेरिकेतल्या क्लेमसन विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रयोग करून दाखवलं की फुंकरीनंतर वरच्या आयसिंगवरचे जिवाणू सरासरी चौदा पटींनी वाढतात. याला घाबरायचं कारण नाही, निरोगी मुलाच्या फुंकरीनं सहसा कुणी आजारी पडत नाही. पण करोनाच्या काळात अनेक घरांनी मेणबत्ती एका वेगळ्या छोट्या तुकड्यावर लावायला सुरुवात केली, ती पद्धत टिकायला हरकत नाही. जो केक सगळ्यांनी खायचा आहे त्याच्याबद्दल एवढा विचार फार नव्हे.

मला खरा राग येतो तो केक तोंडाला फासण्याचा. रात्री बारा वाजता रस्त्यात मोटारसायकलवर केक मांडायचा, वरून फेसाचा फवारा मारायचा, आणि मग उत्सवमूर्तीच्या डोक्यात, कानात, डोळ्यांत केक चोळायचा. तलवारीनं केक कापल्याबद्दल गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या तर आपण याच वर्तमानपत्रांत वाचतो. या केकचा एकही घास कुणाच्या पोटात जात नाही. गंमत म्हणून एक बोट क्रीम गालाला लागलं तर लागो. पण अन्न फेकण्यासाठीच विकत आणायचं, ही श्रीमंती मला बघवत नाही, आणि त्यासाठी वेगळा ‘स्वस्तातला’ केक आणण्याची टूम निघाली आहे, ती तर मुळीच नाही.

स्वस्तातल्यावरून आठवलं. साध्या दुकानातल्या केकवरचं पांढरंशुभ्र क्रीम पुष्कळदा दुधाचं नसतंच, ते वनस्पती तेलापासून बनवलेलं असतं. म्हणून ते उन्हात टिकतं, त्याची फुलं सुबक होतात आणि खाल्ल्यावर टाळूला मेणासारखं चिकटतं. म्हाताऱ्या माणसांना आणि मधुमेह असलेल्यांना बोलावलं असेल तर मी बिनक्रीमचा केक निवडते. त्याचा अर्धा तुकडा मागायला कुणाला संकोच वाटत नाही. मे महिन्यात एसटीनं जायचं असेल तर क्रीमचा विचारही करू नये. मावा केक दोन दिवस नीट राहतो. सुकामेवा मुरवलेला प्लम केक त्याहून कितीतरी जास्त. (त्यात प्लम नसतात. जुन्या इंग्रजीत मनुकांनाही प्लम म्हणत, ते नाव राहिलं.) मुरवायला रम वापरली असेल तर तेही देताना सांगावं, संत्र्याच्या रसात मुरवूनही तो उत्तम होतो.

आमच्या भागात एक बाई घरून केक करून देतात. टाळेबंदीत नवऱ्याचा पगार थांबला तेव्हा त्यांनी सुरुवात केली. फोन केला की बाकीचे विचारतात तसं त्या “किती किलोचा?” असं विचारत नाहीत. त्यांचे प्रश्न ठरलेले: माणसं किती, त्यांत अंडं न खाणारी किती, म्हातारी किती, आणि केक कापणार किती वाजता. नाव, रंग, फुलं हे सगळं नंतर. गेल्या महिन्यात मी बारा जणांसाठी केक सांगितला. घेऊन आल्यावर मोजला तर खुणेच्या रेघा पंधरा तुकड्यांच्या होत्या. फोन करून विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “अहो, खाली वॉचमन आहे की तुमच्याकडे. आणि ऐन वेळी कुणीतरी येतंच.”